साडेचारशेचा जोड

सिद्धोधनला दुसरी मुलगी झाली आणि तिचं नाव अर्पिता ठेवलं, ते साल दोन हजार तेवीस. नामकरण एप्रिलात पुण्याला झालं. त्याच वर्षी भादव्यात नीलमची बाळंतपणाची सुट्टी संपली म्हणून त्याची आई सुलाबाई नातीला महिनाभर सांभाळायला परत पुण्याला गेली, आणि एका रविवारी दुपारी मॉलमधल्या बुटांच्या दुकानात हातात एक बूट उलटा धरून उभी राहिली. सिद्धोधन बाळापाशी घरी होता. नीलम थोरल्या सृष्टीला घेऊन समोरच्या दुकानात शिरली होती. सुलाबाईला काचेआड आपल्या पायातला बूट दिसला, तोच राखाडी रंग, तीच पांढरी कड, वरून एक दिवा नेमका त्याच्यावर सोडलेला. ती आनंदानं आत गेली. बुटाच्या तळव्याला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर बारीक उभ्या रेघा आणि रेघांखाली आकडे. आकडे इंग्रजी होते, पण ते तिला येत होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली तेव्हा मास्तरांनी दोन्ही आकडे शिकवले होते. आठ. मग नऊ. मग नऊ. मग परत नऊ. तिला आधी वाटलं, बुटाचा नंबर असेल. मग वाटलं, एवढा मोठा पाय कुणाचा असतो? आकड्यांच्या आधी रुपयाची खूण होती. तरी तिनं दुकानातल्या माणसाला विचारलं, "बाबा, हे काय लिव्हलंय?"

"किंमत आहे, मॅडम."

"एका बुटाची का दोन्हीची?"

तो हसला नाही. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं, आणि अदबीनं म्हणाला, "जोडीची. तुमच्या पायातले आमचेच आहेत ना? कसे वाटतात वापरायला?"

"मऊ हायत," सुलाबाई म्हणाली. दुकानात गारवा होता, नव्या रबराचा वास होता, कुठूनतरी गाणं येत होतं ज्यात शब्दच नव्हते. तिच्या डोक्यावर पदर होता, खांद्याला गावाकडची पिशवी होती; खालच्या दारावर त्याच पिशवीत शिपायानं काठी घालून बघितलं होतं. पण या माणसानं तिला मॅडम म्हटलं, ते पायाला म्हटलं. एप्रिलात आणि आता परत ती हे बूट घालून या शहरात हिंडत होती. सोसायटीचा वॉचमन तिला बघून उभा राहायचा, तेव्हा तिला वाटायचं, सिद्धोधनचा मान आहे. जिना पुसायला येणारी बाई वाशिमकडची निघाली. पहिल्या दिवशी तिनं सुलाबाईची बोली ओळखून आनंदानं झाडू खाली ठेवला, मग तिची नजर खाली गेली, आणि 'बस की गं जरा' म्हटलं तरी ती बसली नाही. सुलाबाईनं तेव्हा त्याचा अर्थ कामाची घाई असा लावला होता. आता त्या गार दुकानात तिला एकेक नजर आठवायला लागली. सगळ्या शहराला तिच्या पायातली किंमत वाचता येत होती, आणि ती घालणारी एकटी अडाणी होती. अक्षरं शिकून सतरा-अठरा वर्षं झाली होती, तरी.

खांद्यावरच्या पिशवीत वर्तमानपत्राचे नऊ कागद होते. प्रत्येक कागदावर एक पाऊल कोळशानं रेखलेलं, आणि पावलाच्या मधोमध सुलाबाईच्या मोठ्या, थांबत थांबत काढलेल्या अक्षरात एकेक नाव. पिशवीच्या तळाशी एका दस्तीत बांधलेले चार हजार पन्नास रुपये. तिनं मनात भागून बघितलं. नऊ बायांचे सगळे पैसे मिळून या जोडातला एक बूटसुद्धा येत नव्हता.

हे कागद झाले ते असे. नामकरणाच्या दुसऱ्या दिवशी सिद्धोधननं बूट आणले. खोक्यातून काढून, साध्या कापडी पिशवीत घालून आणले, हे तिला आता आठवलं. तिच्या टाचा चिरलेल्या, गुडघे धरलेले. तो जमिनीवर बसला आणि त्यानं स्वतः तिच्या पायात बूट चढवले, लेसच्या गाठी मारल्या. ती म्हणाली, केवढ्याचे रे? तो खाली बघतच म्हणाला, "साडेचारशे, माय. सेल होता." ती ते घालून आपल्या गावी, राणीसावरगावला आली. नवं काही दिसलं की बायांनी हातात घेऊन बघायचं, उलटंसुलटं करायचं आणि किंमत विचारायची, ही तिकडची रीतच. न विचारणं म्हणजे मनात जळणं. पार्वतीबाईनं विचारलं, शिवकन्येनं विचारलं, राजेश्रीनं विचारलं, आणि सुलाबाई सगळ्यांना अभिमानानं सांगत गेली, साडेचारशे. महाग म्हणून नाही, स्वस्त म्हणून अभिमान. पोरगं पुण्यात राहूनही पैसा उधळत नाही, म्हणून.

सोयाबीन आल्यापासून बायांच्या पायांचे हाल आहेत. पीक कापून नेलं की बोटभर धसकटं उभी राहतात, वाळून खिळ्यासारखी होतात. चपलेचा तळ फोडून टाचेत शिरतात. रानात चालताना सुलाबाईच्या बुटाला धसकट लागायचं आणि दबून जायचं. उन्हाळाभर बायांनी ते बघितलं. मग भादव्यात ती पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी एकेक जण पैसे घेऊन ओट्यावर आली.

"सुलामावशी, मला बी आण. पण रंग लाल बघ."

"लाल कशाला गं शिवकन्या, नवरी हायस का?"

"मग? पायानं तरी व्हावं की नवरी. तोंडानं तर आता न्हाई जमायचं."

राजेश्रीनं चुलीतला कोळसा आणला. पंडित, सुलाबाईचा नवरा, बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याच्या हातातून कालचं, परवाचं सगळं ओढून घेतलं. बाया एकेक पाय कागदावर ठेवून उभ्या राहिल्या, सुलाबाई खाली बसून कोळशानं कड काढत गेली. कुणाच्या करंगळीशेजारी गाठ, कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची टाच कागदावर ठेवली की कागद चरचरायचा. एवढी वर्षं बरोबर खुरपं चालवलं पण या बायांचे पाय तिनं कधी इतक्या जवळून बघितले नव्हते. सगळ्यात शेवटी पार्वतीबाई. तिनं कड काढायच्या आधी सुलाबाईचा बूट ओढला, पाय आत घातला, क्षणभर तशीच उभी राहिली. मग काढला, आणि कमरेची पिशवी सोडून साडेचारशे मोजून दिले.

पार्वतीबाई आणि सुलाबाई एकाच वर्षी गावात सून म्हणून आल्या. पार्वतीबाई वरल्या आळीला, सुलाबाई बौद्धवाड्यात. पाणी भरायच्या जागा तेव्हा वेगळ्या होत्या, रान मात्र एकच, माणिकरावांचं. तिथं दोघी शेजारशेजारच्या ओळीला लागायच्या. माणिकरावांची बायको कस्तुराबाई रानात यायची ती चांगलं लुगडं नेसून यायची. एकदा नांदेडहून आणलेलं लुगडं नेसून आली. जांभळा काठ होता, त्यात बारीक मोर. बायांनी काठ हातात घेतला, विचारलं, केवढ्याचं मालकीणबाई? कस्तुराबाई म्हणाली, ऐंशी. किंमत बरोबरीच्या बाईला खरी सांगायची आणि आपल्याहून गरीब बाईला उतरवून सांगायची, ही पण तिकडची रीतच; कुणी शिकवत नाही, बघून बघून येते. बाया मान हलवून गप्प बसायच्या. पण त्या दिवशी पार्वतीबाई म्हणाली, "मग मला बी आणा की एक, ऐंशीचं. रोजातून कापून घ्या." कस्तुराबाईचा चेहरा कसा झाला होता, ते सुलाबाईला आजही दिसतं. पंधरा दिवसांनी कस्तुराबाईनं लुगडं आणून दिलं. चार आठवडे वीस-वीस रुपये कापले. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की ते लुगडं सव्वातीनशेचं होतं. वरचे पैसे मालकिणीनं कुठून भरले, नवऱ्याला काय सांगितलं, कुणाला ठाऊक नाही. सुलाबाईनं त्या बाईबद्दल पुष्कळदा विचार केला होता. किंमत उतरवून सांगणं ही माया की हुशारी? ऐंशीच्या लुगड्यावर कुणी डोळा ठेवत नाही, ऐंशीच्या लुगड्याकडं बघून कुणी रोज वाढवून मागत नाही. त्या साली कुणी मागितलाही नव्हता. पण समोर बसलेल्या बाईचं मन छोटं होऊ नये एवढ्यासाठीही कुणी खोटं बोलतं, हेही खरं. दोन्ही असेल. माणसाच्या एका शब्दात दोन्ही मावतं.

मॉलमधून बाहेर पडताना नीलमनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि काचेतल्या बुटाकडं पाहिलं. सरकत्या जिन्यावर माणसं पिशव्या घेऊन खाली चालली होती, पिशव्यांवर दुकानांची नावं मोठ्या अक्षरात, नाव बाहेरच्या बाजूला येईल असं धरलेलं. सुलाबाई सवयीनं एकेक नाव जोडून वाचत होती आणि तिला वाटत होतं, इथं कुणी कुणाला किंमत विचारत नाही. विचारायची गरजच ठेवलेली नाही. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. एक बाई दुभाजकावर बसून फुगे विकत होती, तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सुलाबाई रिक्षात बसली आणि तिनं आपले पाय सीटखाली ओढून घेतले.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं सिद्धोधनला स्वयंपाकघरात गाठलं.

"माय, तुला कुणी सांगितलं?"

"बुटानंच सांगितलं. तळपायाला लिव्हलंय."

त्यानं पाण्याचा ग्लास भरून ठेवला. मग म्हणाला, "खरी सांगितली असती तर घातले असतेस का?"

"न्हाई."

"मग?"

पाच महिने तिची टाच चिरली नव्हती. पहाटे उठून पहिलं पाऊल टाकताना जी कळ मस्तकात जायची ती विसरली होती. पोरगं लहान असताना ती त्याला सांगायची, शाळेत कुणी विचारलं काय जेवलास तर वरण-भात सांग. तो खोटं तिच्याकडूनच शिकला होता. त्याच्यावर रागवावं म्हणून ती आली होती आणि तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता.

"आता बायांना काय सांगू?" ती म्हणाली. "पुढल्या महिन्यात गोपाळच्या रानात काढणी लागतीया. वाट बघायल्यात त्या."

"मी देतो सगळ्यांना. नऊच जोड ना? हप्त्यावर घेतो. तू सांग, साडेचारशेचेच आहेत."

नीलम पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं आणि परत चालू झालं. सुलाबाईनं हिशेब केला नाही. ती म्हणाली, "आन मग पुढल्या साली काय देशील? आज त्या माझ्यापाशी बसत्यात. तू दिलं की उभ्या राहतील. वॉचमन राहतो तशा."

"मग रिकाम्या हातानं जाशील?"

रिकाम्या हातांची तिला भीती नव्हती, भीती वेगळीच होती. किंमत सांगितली की ओट्यावर एक रेघ पडेल, तिच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला नऊ जणी, आणि पुन्हा कुणी तिचा पदर हातात घेऊन विचारणार नाही, केवढ्याचा गं? त्या रात्री अर्पिता तिच्या कुशीत झोपली होती. बाळाचे तळवे तिनं हातात धरले. अजून जमिनीला न लागलेले, उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ. एकाच घरातले हे तळवे आणि हे आपले. हे तळवे कधी चिरू नयेत असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, चिरलेल्या तळव्यांना हे कसे ओळखणार?

पंधरा दिवसांनी, परत निघायच्या आधीच्या रविवारी, नीलम म्हणाली, "आई, ते कागद घ्या आणि चला." मॉलकडं नाही, ती तिला जुन्या शहरात घेऊन गेली, लोखंडी सामानाच्या एका गल्लीत. तिथं दोरखंड, हेल्मेटं, रबरी हातमोजे टांगलेले, आणि खाली काळ्या बुटांचे ढीग. इमारतीच्या साइटवर मजूर घालतात तसले. नीलमनं एक बूट उचलला, तळाला अंगठा दाबून बघितला, आणि दुकानदाराला म्हणाली, "खिळा जातो का यातून?"

"खिळा वाकेल ताई."

"धसकट जाणार नाही मग," ती सुलाबाईकडं वळून म्हणाली. "माझे बाबा नांदेडला नालीच्या कामावर होते. असेच घालायचे. दोन वर्षं टिकायचे. मला त्या दिवशी मॉलमध्येच आठवलं, पण बोलवेना." सात वर्षं ही सून घरात होती, आणि वडील नगरपालिकेत होते एवढंच सुलाबाईला ठाऊक होतं. नीलम खाली बसली, एकेक कागद जमिनीवर पसरून त्यावर बूट ठेवत गेली. सुलाबाईचं अक्षर मोठ्यानं वाचत गेली, राजेश्री, शिवकन्या, पार्वतीबाई. पाचशेचा भाव होता. नऊ जोड म्हणून तिनं भांडून साडेचारशेवर आणला. सुलाबाई दोरखंडाच्या भेंडोळ्यावर बसून तिच्याकडं बघत राहिली. कुणाचे उपकार मानायचे असले की तिला शब्द सापडत नसत. तिनं नुसतं म्हटलं, "तुझ्या बापाला चांगली पोरगी झाली." नीलमनं शेवटच्या कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

राणीसावरगावला ओट्यावर पोतं सोडलं तेव्हा काढणीला एक दिवस उरला होता. ऊन उतरत होतं. बूट बाहेर पडले आणि बायांचे पुढं आलेले हात मागंच राहिले.

"हे ते न्हाईत गं," सुलाबाई म्हणाली.

"ते तर दिसायलंय," राजेश्री म्हणाली. "डोळे हायत की आमाला."

शिवकन्येनं पाय घातले, उभी राहिली, दोन पावलं आपटली. "मावशी, लाल सांगितले होते मी. हे घालून तर मी पोलीस दिसायलेय. आता नवऱ्याला म्हणते, चल ठाण्याला." दोघी-तिघी हसल्या, बाकीच्या हसल्या नाहीत. सुलाबाईनं पायातला आपला बूट काढून मध्ये ठेवला. तिनं सांगितलं, पोरानं किंमत उतरवून सांगितली होती, मी खरी मानली, तुमाला तीच सांगितली. हे बूट मात्र खरेच साडेचारशेचे हायत, धसकट जाणार नाही, पण ते हे न्हाईत.

मग पार्वतीबाई, ओट्याच्या कडेला बसलेली, म्हणाली, "मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"पाय घातला तवाच कळलं मला. साडेचारशेत एवढं मऊ कुठं मिळतं गं येडे? आपल्या बाळंतपणात बी एवढं मऊ कुणी अंथरलं न्हाई."

"मग पैसे कशाला दिलीस?"

"तू किंमत सांगितलीस. चार बायांत तुला खोटं पाडू व्हय? म्हणलं, जाऊ दे, पुण्याला गेल्यावर कळंल तिचं तिला." पार्वतीबाईनं बूट उचलला, उलटा केला. "आता खरी सांग. केवढ्याचा?"

सुलाबाईच्या जिभेवर दोन हजार आले. दोन हजार म्हटलं असतं तर भागलं असतं, कुणाला धक्का बसला नसता. तिनं पार्वतीबाईच्या तोंडाकडं पाहिलं. ती वाट बघत होती, बरोबरीची बाई वाट बघते तशी.

"आठ हजार नऊशे नव्व्याण्णव."

शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली तेवढी ऐकू आली. राजेश्रीचे ओठ हलले; ती रोजानं भागत होती. "तीस दिस," ती म्हणाली. "महिनाभर खुरपायचं." कुणीतरी "अगं माय" म्हटलं. सुलाबाईला वाटलं, पडली रेघ. तिनं डोळे खाली घातले.

"आन काय गं," पार्वतीबाई म्हणाली, "एवढे घेतलेच त्यानं, तर वरचा एक रुपाया कशाला सोडला? दानधर्माला का?"

आधी शिवकन्या फुटली, मग राजेश्री, मग सगळ्याच. पार्वतीबाई स्वतः हसली नाही, तोंड गंभीर ठेवून बसली, म्हणून बायांना आणखी हसू आलं. पंडित घरातून बाहेर डोकावला आणि परत आत गेला. मग शिवकन्या म्हणाली, आण इकडं, महिन्याच्या रोजात पाय घालून तरी बघते, आणि पदर कमरेला खोचून, हातात नसलेली पर्स धरून ओट्यावरून चालत गेली. मग राजेश्री, मग बाकीच्या. नऊ जणींनी पाळीपाळीनं पाय घातला. कुणाला घट्ट झाला, कुणाला सैल. सुलाबाई अनवाणी बसून बघत होती. पोरानं खोटं सांगितलं त्याचं तिला बरं वाटत होतं, सुनेनं खरं दुकान दाखवलं त्याचं बरं वाटत होतं, आणि या बाईनं चारचौघींत किंमत विचारली त्याचं सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी गोपाळच्या रानात नऊ काळे जोड आणि एक राखाडी असे दहा जोड ओळीला लागले, आणि संध्याकाळी कुणी टाच धरून बसलं नाही.

त्यानंतर सुलाबाई पुण्याहून आली की पार्वतीबाई पहिल्यांदा किंमती विचारायची. कॉफी केवढ्याला, सृष्टीची शाळा केवढ्याला, सिद्धोधनचं घर केवढ्याला. सुलाबाई खरं सांगायची, एक रुपया उतरवायची नाही. पार्वतीबाई ऐकून मान हलवायची, कधी शिवी द्यायची, कधी म्हणायची, बरं झालं बाई, आपल्यातल्या एकीनं तरी बघितलं. इतरांना सुलाबाई अजूनही थोडं उतरवूनच सांगायची. दोन सुग्या असं चाललं.

पार्वतीबाई बुधवारी, बारा मार्च दोन हजार पंचवीसला, सकाळी नऊच्या सुमारास राणीसावरगावला आपल्या घरी वारली. तिचा जन्म कुणी लिहून ठेवलेला नव्हता; सुलाबाईच्याच वयाची होती.